नळ गळतोय, हे कुणाला सांगायचं?

१९७९ साली बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या मोजक्या शाळांमध्ये इंग्रजीच्या तासाला एक वेगळी गोष्ट सुरू झाली. शिक्षक फळ्यावर रेल्वेचं वेळापत्रक लिहीत. गाडी कुठून किती वाजता सुटते, मधल्या स्टेशनांवर किती वेळ थांबते, शेवटच्या स्टेशनावर कधी पोचते. मग प्रश्न विचारत. एखाद्याला दुपारच्या आत अमुक गावी पोचायचं आहे, तर त्यानं कुठली गाडी धरावी? गाडी चुकली तर पुढची कुठली? मुलं आठ ते पंधरा वर्षांची. घरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू. इंग्रजी फक्त शाळेपुरती. त्या तासाला व्याकरणाचा नियम नव्हता, पाठांतर नव्हतं, 'माझ्यामागून म्हणा' नव्हतं. गाडी कुठली धरायची एवढाच प्रश्न होता, आणि तो इंग्रजीत सोडवायचा होता.

हा प्रयोग मांडणारे एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या सोबतीनं १९८४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षं, तो चालला आणि जगभर 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला गेला. वेळापत्रकं, नकाशे, कॅलेंडर, पैशांचे हिशेब, दोन गावांमधली अंतरं, माणसांची वयं, टपाल, तार असा सगळा रोजच्या व्यवहारातला माल तिथं अभ्यासाला घेतलेला असे. प्रभूंचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाचं मन जेव्हा अर्थात गुंतलेलं असतं, तेव्हा भाषेची घडण त्याच्या नकळत त्याच्यात उतरते. काम किती अवघड द्यायचं याचाही त्यांनी एक ठोकताळा ठेवला होता. वर्गातल्या निम्म्याएक मुलांना निम्मंएक जमलं, तर काम योग्य. सगळ्यांना सगळं आलं तर विचार करायला काही उरलंच नाही.

या अनुभवाचं सार १९८७ साली त्यांनी पुस्तकात मांडलं. इंग्रजीच्या अध्यापनावर बोलणारे लोक आजही जगात कुठंही 'कार्याधारित शिक्षण' म्हणू लागले की बंगळूरचं नाव निघतं. आपल्याकडे मात्र शेजारच्या राज्यात घडलेली ही गोष्ट किती शिक्षकांपर्यंत पोचली, याची मला शंका आहे. मी ज्या शिक्षकांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी प्रभूंचं नाव ऐकलेलं नव्हतं.

ही आठवण आत्ता काढण्याचं कारण आहे. २०२५ सालचा उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात महाराष्ट्रात भाषेच्या भांडणात गेली. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं जाहीर झालं. त्याआधी पंचवीस वर्षं, २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हाही असाच वाद पेटला होता. दोन्ही वेळी प्रश्न एकच विचारला गेला: कुठली भाषा, कितवीपासून? तो प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं टाकायला विरोध करणाऱ्यांच्या बाजूची मी आहे. पण त्या भाषेत ते मूल बोलणार काय, कुणाशी, आणि कशासाठी, हे या पंचवीस वर्षांत फार कमी जणांनी विचारलं.

पहिलीपासून इंग्रजी आली त्याचं फळ काय? 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या फक्त २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. २०१६ मध्ये हाच आकडा २४.७ होता. हा देशाचा आकडा आहे आणि तो वाचण्याचा आहे. बोलण्याचं तर मोजमापच नाही.

बोलण्याची सोय खरं तर 'प्रकल्पा'त होती. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय यांच्या जोडीला प्रकल्पही बसला. मूल चार जणांत मिसळून काही शोधेल, मांडेल, त्यावर बोलेल, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात काय झालं ते प्रत्येक आईबापाला माहीत आहे. रविवारी रात्री नऊ वाजता मूल सांगतं, 'उद्या प्रोजेक्ट द्यायचंय.' मग स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते येतात, फळं, भाज्या, वाहनं, आपले मदतनीस. आई कापते, बाबा चिकटवतो, ताई स्केचपेननं इंग्रजीत नावं लिहिते. मूल तोवर झोपलेलं असतं. सोमवारी कार्डशीट भिंतीवर लागतं, वहीत गुण पडतात. त्या कार्डशीटवरच्या एकाही शब्दाची त्या मुलाला कधी गरज पडलेली नसते. यात शिक्षकाला दोष देऊन भागणार नाही. नोंदींच्या रकान्यात काही तरी भरावं लागतं, आणि दाखवता येईल अशी वस्तू म्हणजे कार्डशीट.

यापेक्षा वेगळं काय होऊ शकतं ते मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत पाहिलं. शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एका खोलीत. गावाचं आणि शाळेचं नाव मॅडमच्या इच्छेवरून देत नाही. मॅडमनी मुलांना विचारलं होतं, 'तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?' फळ्यावर मराठीतच यादी झाली. वाटेतली कुत्री. दप्तराचा पट्टा. मुलींच्या शौचालयाची कडी. एसटी थांब्यावर न थांबता पुढं जाऊन थांबते ते. आणि शाळेच्या टाकीच्या नळाची तोटी, जी बंद केली तरी गळते. हात वर करून मतं घेतली. कडी आणि नळ यांत चुरस झाली, नळ निवडला गेला. (कडी मॅडमनी दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवून घेतली. ती चर्चेची गोष्ट नव्हे, असं त्यांचं मत, आणि ते बरोबर आहे.)

पाच-पाचांचे गट झाले. एका गटानं नळाखाली बादली ठेवली. एक तास संपेपर्यंत ती भरली. दुसऱ्या गटानं खिचडीच्या सुट्टीत हात धुताना किती पाणी जातं ते पाहिलं. तिसरा गट गळतंय कशामुळं यावर भांडत होता. 'वायसर गेलाय,' असं एक मुलगा ठामपणे सांगत होता. त्याचा चुलता मोटारी दुरुस्त करतो. हे सगळं मराठीत, त्यांच्या माणदेशी मराठीत, मोकळ्या आवाजात. मॅडमनी एकदाही 'इंग्लिशमध्ये बोला' म्हटलं नाही.

मग एक माणूस वर्गात आला. जवळच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, तिथं देखभालीचं काम करणारा तमिळनाडूचा तंत्रज्ञ. वाडीच्या दुकानात चहाला येतो, मुलं त्याला ओळखतात. मराठी त्याला चार-दोन शब्दांपलीकडे येत नाही. इंग्रजी येते, पण तीही बेताची, सावकाश बोललेली. मॅडमनी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं, 'दादा यंत्रं दुरुस्त करतात. आपला नळ त्यांना समजावून सांगायचा. मी मधे बोलणार नाही.'

पहिलं मिनिटभर कुणीच बोललं नाही. मग चौथीतली एक मुलगी उठली. 'सर, टॅप लीक. वॉटर गो.' हात खाली जाताना दाखवला.

'हाऊ मच वॉटर?' त्यानं विचारलं.

गटात कुजबुज. मागून एक मुलगा, 'वन पिरियड, वन बकेट.'

'वन पिरियड मीन्स?'

मुलानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, बोटं मोजली. 'थर्टी फाइव्ह मिनिट.'

तंत्रज्ञानं मान हलवली. मग तीच मुलगी परत उठली. तिला नळ दुरुस्त करायचाच नव्हता, हे मला आधी ठाऊक नव्हतं. गटात तिनं वेगळाच मुद्दा लावून धरला होता की गळतंय ते गळू द्या, पाइप लावून पाणी लिंबाच्या झाडाला सोडा. ती म्हणाली, 'नो रिपेअर. पाइप. लिंब ट्री. ट्री ड्रिंक.'

तो हसला नाही. त्यानं विचार केला आणि म्हणाला, 'नाइट ऑल्सो वॉटर गो. संडे ऑल्सो. मंडे मॉर्निंग, टँक एम्प्टी.'

मुलगी गप्प झाली. बाजूच्या मैत्रिणीकडं वळून म्हणाली, 'आगं, रात्रीबी गळतंय की. मग सोमवारी खिचडीला पाणी कुठलं?' आणि मग त्याच्याकडं वळून, एकेक शब्द वेचत, 'ओके सर. टॅप रिपेअर. बट हँडवॉश वॉटर, ट्री.'

त्या मुलीच्या इंग्रजीत एकही वाक्य शुद्ध नव्हतं. पण तिनं एक मत मांडलं, समोरच्याचा आक्षेप समजून घेतला, त्यावर फेरविचार केला, माघार घेतली आणि मधला मार्ग काढला. हे सगळं परक्या भाषेत, नऊ वर्षांच्या वयात, मराठी न येणाऱ्या मोठ्या माणसाशी. कित्येक इंग्रजी शाळांत घोकून आलेली मुलं 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल'वर दहा वाक्यं न अडखळता म्हणून दाखवतात. त्यांच्यापेक्षा ही मुलगी भाषेच्या कितीतरी आत शिरली होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुलांचीच वाक्यं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाच्या शेजारी पूर्ण वाक्य. 'द टॅप इज लीकिंग.' 'वन बकेट फिल्स इन थर्टी फाइव्ह मिनिट्स.' मुलं ती झपाट्यानं उतरवून घेत होती, कारण काल नेमकं काय सांगता आलं नव्हतं ते त्यांना ताजं आठवत होतं. आदल्या दिवशी हीच वाक्यं आधी लिहून दिली असती तर ती पाठांतराची झाली असती. आणखी एक गोष्ट मला फार पटली. ग्रामपंचायतीला अर्ज मुलांनी मराठीत लिहिला. ग्रामसेवकाला मराठी येत असताना त्याला इंग्रजीत अर्ज कशाला? तोटी बदलली गेली. हात धुतलेलं पाणी लिंबाला नेण्याची चारी मात्र मी गेले तेव्हा अर्धीच खणलेली होती.

आता प्रभूंकडं परत यायला हवं, कारण इथं एक खरा मतभेद आहे. प्रभूंनी बंगळूरमध्ये गटकार्य जाणूनबुजून टाळलं होतं. त्यांच्या वर्गात आधी शिक्षक सगळ्या वर्गासोबत एक काम सोडवत आणि मग तसंच दुसरं काम प्रत्येक मूल एकट्यानं करी. त्यांचा आक्षेप साधा आणि वजनदार होता. कच्ची इंग्रजी असलेली पाच मुलं एकमेकांशी इंग्रजीत बोलत बसली, तर ती एकमेकांची कच्ची इंग्रजीच पक्की करतील. गटकार्याचा उदोउदो करणाऱ्या प्रशिक्षणांत हा आक्षेप कधी ऐकू येत नाही. तो ऐकायला हवा. मी पाहिलेल्या कितीतरी वर्गांत 'ग्रुप डिस्कशन इन इंग्लिश' म्हणजे शिक्षक जवळ आले की दोन इंग्रजी शब्द आणि दूर गेले की मराठी, असा खेळ असतो. मुलांचं यात काहीच चुकत नाही. समोरच्या मित्राला मराठी येतं हे माहीत असताना त्याच्याशी इंग्रजीत बोलणं म्हणजे नाटक, आणि लहान मुलांना नाटक कळतं.

माणच्या त्या मॅडमनी, प्रभूंचं नाव न ऐकता, यातून वाट काढली होती. गट मराठीत विचार करतो. इंग्रजी येते ती मराठी न येणारा माणूस समोर आल्यावर. त्यामुळं गटात कच्ची इंग्रजी पक्की होण्याची भीती उरत नाही, आणि गटाची खरी ताकद, म्हणजे मोकळेपणी वाद घालणं, शाबूत राहते.

ही वाट नवीनही नाही. वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९४ साली वेल्श-इंग्रजी शाळांतली एक रीत नोंदवली. मुलं एका भाषेत वाचतात, ऐकतात, आणि दुसऱ्या भाषेत मांडतात. मजकूर इंग्रजीत, चर्चा आणि लेखन वेल्शमध्ये, आणि उलटही. एक भाषा जिवंत ठेवण्यासाठी झगडणाऱ्या छोट्या देशातून ही कल्पना आली, हे मराठी वाचकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. कॅनडात जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले की घरच्या भाषेत कमावलेली विचार करण्याची क्षमता दुसऱ्या भाषेत उतरते, ती पुन्हा शून्यापासून कमवावी लागत नाही. त्याच कॅनडात १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजायला छान लागलं, पण बोलणं आणि लिहिणं मागं राहिलं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं: नुसतं ऐकणं पुरत नाही, स्वतः मांडायला लागलं, आणि समोरच्याला कळलं नाही म्हणून परत मांडायला लागलं, की मूल भाषेच्या घडणीकडं वळतं. 'वन पिरियड मीन्स?' या एका प्रश्नानं त्या मुलाला जे करायला लावलं, तेच हे.

परका श्रोता शोधायला जर्मन शिक्षक तर विमानतळावर गेले होते. मायकेल लेगुत्के आणि हॉवर्ड थॉमस यांच्या १९९१ च्या पुस्तकात त्याचं वर्णन आहे. सहावीच्या मुलांनी वर्गात प्रश्न तयार केले, सराव केला आणि फ्रँकफर्टच्या विमानतळावर जाऊन इंग्रजी बोलणाऱ्या प्रवाशांच्या मुलाखती घेतल्या. आपल्याला त्यासाठी विमानतळाची गरज नाही. महाराष्ट्रात मराठी न येणारा माणूस कोसाच्या अंतरावर सापडतो. साखर कारखान्यावरचा अभियंता, बँकेत बदलून आलेला अधिकारी, महामार्गाच्या कामावरचा पर्यवेक्षक, मोबाइल टॉवर दुरुस्त करणारा. यांतल्या बऱ्याच जणांची इंग्रजी आपल्या मुलांइतकीच अडखळत असते, आणि ते बरंच असतं. सफाईदार इंग्रजी समोर आली की नऊ वर्षांचं मूल मिटतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२० सालच्या जागतिक शिक्षक पुरस्कारामुळं घरोघरी माहीत झाले. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, त्याची चर्चा खूप झाली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडचीही झाली. इंटरनेटवरून दूरदेशीच्या वर्गांशी मुलांची भेट घालून देण्याचं त्यांचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं, कारण त्यात श्रोता खरा असतो. मराठवाड्यातल्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ पासून मुलं जपानी शिकू लागली. शाळेनं मुलांनाच विचारलं होतं, कुठली परदेशी भाषा शिकायला आवडेल? रोबोट आणि तंत्रज्ञानाचं वेड असलेल्या मुलांनी जपानीचं नाव घेतलं. ती बातमी 'खेड्यातली मुलं जपानी बोलतात' अशा कौतुकानं छापली गेली. माझ्या दृष्टीनं तिच्यातला गाभा असा की भाषा मुलांनी निवडली आणि निवडण्यामागं त्यांचं स्वतःचं कारण होतं.

खुद्द जपानमध्ये २०२० पासून तिसरी-चौथीला परदेशी भाषेचे उपक्रम आणि पाचवी-सहावीला तो रीतसर विषय आहे. आधी दोन वर्षं उपक्रम, मग पुस्तक, हा क्रम मला विचार करण्यासारखा वाटतो. आपण पहिलीपासून पुस्तक देतो.

गटांबद्दल थोडं अधिक, कारण गाडं इथंच अडतं. पाच मुलांच्या गटात एक हुशार मूल सगळं करतं आणि चार बघतात. मुलगे बोलतात, मुली सुवाच्य अक्षरात लिहितात. उच्चवर्णीय वस्तीतली आणि पलीकडच्या वस्तीतली मुलं एका गटात बसली तरी एकमेकांशी बोलतीलच असं नाही. हे मी पाहिलं आहे आणि कुठल्याही शिक्षकानं पाहिलेलं असतं. प्रश्न रोजच्या जगण्यातला असला की यात थोडा फरक पडतो, कारण मग माहिती हुशार मुलाकडंच असेल असं नाही. वायसरची माहिती मोटार दुरुस्त करणाऱ्या चुलत्याच्या पुतण्याकडं होती, आणि एरवी तो मुलगा वाचनात सर्वांत मागं. त्या दिवशी गटाला त्याच्यावाचून पुढं जाता येईना. कार्डशीटच्या प्रकल्पात त्या मुलाला कधीच जागा नसते.

इंग्रजीबद्दल जे म्हटलं, ते परकी भाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या मराठीलाही लागू आहे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, गडचिरोलीतल्या गोंडी-माडिया मुलाला, नंदुरबारमधल्या भिली बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या पुस्तकातली मराठी परकीच असते. पुण्याच्या बांधकामांवर राहणारी तेलुगू, कन्नड, हिंदी मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत येतात, त्यांनाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत रविवारी मराठी शिकणाऱ्या मुलांचंही तेच. त्यांना आपण काय देतो? बाराखडी, बडबडगीत, गणपतीची आरती. ती हवीतच. पण त्या मुलांना कोणत्या अडचणीबद्दल बोलायचं आहे आणि ती मराठीत ऐकणारं कोण आहे, हे आपण विचारत नाही. शिकागोतल्या मुलाला शाळेच्या बसमधली दादागिरी साताऱ्याच्या आजीला मराठीत सांगायला लावा, आणि आजीला सल्ला द्यायला. तीही खरी श्रोती आहे. तिला इंग्रजी येत नाही, हेच तिथं कामाचं.

मॅक्सीन बर्नसन यांचं उदाहरण यासाठी मला नेहमी आठवतं. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ फलटणला आल्या, मराठी बोलू लागल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि तिथंच प्रगत शिक्षण संस्था उभी करून गावातल्या मुलांना मराठी वाचायला शिकवत राहिल्या. परकी भाषा माणसाची होते ती त्या भाषेत त्याला काही काम असल्यावर. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात, पुण्याच्या अक्षरनंदनमध्ये, कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या परिसरातून, प्रश्नांतून शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा काम आणि मातृभाषा हे तिचे दोन पाय होते. या परंपरेत इंग्रजीला फारशी जागा मिळाली नाही, याची कारणं समजण्यासारखी आहेत. पण त्यामुळं झालं असं की परिसरातून शिकवणारे इंग्रजी पुस्तकातून शिकवत राहिले आणि इंग्रजीवाल्यांनी परिसर दाराबाहेर ठेवला. तिसरीच्या परिसर अभ्यासात पाणी आहे आणि तिसरीच्या इंग्रजीत सफरचंद आहे. दोन्ही तास एकच मॅडम घेतात. त्यांनी ते जोडले तर कुणाची परवानगी लागू नये.

आणि अडचणी? आहेत, आणि त्या मुलांच्या नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत, म्हणजे चार इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. त्यावर निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब. अशा शाळेत 'प्रकल्प करा' असं परिपत्रक काढणं सोपं असतं. शिक्षकांची स्वतःची इंग्रजी हाही अवघड विषय आहे. पण माणच्या मॅडमची इंग्रजीही बेताचीच होती. त्या मला म्हणाल्या, 'मी बोलायला लागले की मुलं माझ्या तोंडाकडं बघतात. परका माणूस आला की ती स्वतःकडं बघतात.' प्रकल्पात शिक्षकाला अस्खलित बोलायचं नसतं. नीट ऐकायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वाक्य फळ्यावर लिहायचं असतं. त्यासाठी लागणारी इंग्रजी आपल्या बहुतेक प्राथमिक शिक्षकांकडं आहे, असं माझं मत मी जपून पण ठामपणे मांडते.

बंगळूर प्रकल्पाचं मूल्यमापन शेवटी अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस यांनी केलं. नेहमीच्या पद्धतीनं शिकलेली मुलं व्याकरणाच्या चाचणीत उजवी ठरली, प्रयोगातली मुलं अर्थ समजून काम करण्याच्या चाचणीत. ज्यानं जे केलं होतं त्यात तो पुढं होता. आणि ज्या चाचण्या कुठल्याच पद्धतीकडं झुकलेल्या नव्हत्या, त्यांत प्रयोगातल्या मुलांचं पारडं जड होतं. चमत्कार नव्हता. पण प्रयोगाच्या काळात व्याकरणाचा एकही नियम न शिकवलेली मुलं मागं पडली नव्हती, हे तिथं कागदावर आलं. ज्या पालकांना वाटतं की नळावर आणि कुत्र्यांवर बोलण्यात मुलांचा वेळ जातोय, त्यांना मी हे सांगते.

हे वाचणाऱ्यांत बंगळूर, हैदराबाद, चेन्नईत नोकरी करणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत असेही. तुमच्या ओळखीत मराठी न येणारी माणसं आहेत. कुणी केरळचं, कुणी मणिपूरचं, कुणी जर्मनीतलं. त्यांना विचारा, महिन्यातून एकदा अर्धा तास ते एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाशी फोनवर बोलतील का? पैसे नकोत, पुस्तकं नकोत, भाषण तर नकोच. मुलं एक अडचण सांगतील. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सावकाश, आणि उत्तराची वाट बघायची. तुमच्या गावच्या शाळेतल्या मॅडमना किंवा गुरुजींना आजच फोन करून विचारा, त्यांच्या मुलांना रोज कशाचा त्रास होतो.